जंतूंची भावकी

मी तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. परभणीतल्या ज्या दवाखान्यात माझी निम्मी हयात गेली, तिथं झाडणाऱ्या मावशीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे माझ्या तोंडाला भिऊन असतात. आमच्या नवजात बाळांच्या वॉर्डाला खेड्यापाड्यातली माणसं ‘पेटीचा वॉर्ड’ म्हणतात. दिवस भरायच्या आत जन्मलेली, धड रडायचीही ताकद नसलेली लेकरं तिथं काचेच्या पेटीत असतात आणि त्या वॉर्डाची मी इन्चार्ज सिस्टर. असली चिमणी लेकरं राखायची तर कुणीतरी वाघीण व्हावंच लागतं. ती मी झाले.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एक लेकरू आमच्या हातून गेलं. रक्तात जंतू झाले होते. सातव्या महिन्यातलं लेकरू, जीव तो केवढा! आम्ही नशिबाला बोल लावला आणि कामाला लागलो. पेटीच्या वॉर्डात असं होतं, असं आम्ही एकमेकींना सांगितलं.

दिवाळी झाली आणि आमच्याकडं एक नवी सिस्टर लागली. झरीची पोरगी, घरी शेती, आणि घरातली शिकलेली पहिलीच लेक. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, “मॅडम, एका बाळाला हात लावून दुसऱ्याकडं जाताना दर वेळेला हात धुवायचेत ना?”

“धुवायचेत म्हंजे? धुवायचेतच,” मी म्हटलं. “पण तू विचारायलीस, हेच लय झालं.”

कारण नियम सगळ्यांनाच पाठ, पण घाईच्या वेळेला सॅनिटायझर चोळलं की आमच्या बायांचं भागायचं. तेही चालतंच म्हणा, त्यानंही जंतू मरतात. माझ्या हातांना तर साबण सोसतच नाही, भेगा पडतात, म्हणून मी वर्षानुवर्षं सॅनिटायझरवरच आहे. ही पोरगी मात्र सॅनिटायझर चोळायची आणि वर बेसिनवर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात घासायची. मनगट, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं. जुन्या सिस्टर तिला चिडवायच्या, “अगं, कातडं ठेव जरा अंगावर, लग्नात हळद लावायची हाय!” ती लाजायची आणि पुन्हा बेसिनवर जायची. मला ती पोरगी मनापासून आवडली होती.

आणि नेमकी ती आली नि लेकरं आजारी पडायला लागली. चांगलं दूध पिणारं लेकरू एकाएकी मलूल व्हायचं, रंग उतरायचा, श्वास लागायचा. रक्त तपासलं की तोच जंतू. क्लेब्सिएला त्याचं नाव. ऐकायला एखाद्या परदेशी बाईचं वाटतं, पण जात लय वंगाळ. साध्या औषधांना तो दाद देत नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी महागडी, जबर औषधं सुरू केली, आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो, आणि लेकरं हळूहळू सावरायला लागली. पण एक सावरलं की दुसरं पडायचं.

त्यातलंच एक लेकरू चारठाण्याकडच्या एका मेंढरं राखणाऱ्या घरचं होतं. त्याची आजी आमच्या व्हरांड्यात घोंगडं टाकून बसलेली असायची. आवाज असा की आतल्या पेटीतली लेकरं दचकावीत. एक दिवस काचेतून आत बघता बघता तिनं बोट केलं आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “ती नवी पोरगी बघा. पांढऱ्या पायाची हाय ती! तिनं हात लावला की लेकरू मलूल पडायलंय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दार ढकलून बाहेर आले.

“आजी, तोंड सांभाळा. तिचे पाय मी रोज बघते. चांगले काळे हायेत!”

व्हरांड्यातल्या बाया हसल्या, आजी हसली नाही. “तुमी हसा,” ती म्हणाली. “माझा नातू पेटीत पडून हाय. मी बघायलेय ना डोळ्यांनी.”

आता तिच्यावर तरी किती चिडायचं? तिचं काळीज आत काचेच्या पेटीत होतं. पण शब्द एकदा तोंडातून सुटला की सुटला. दोन दिवसांत सगळे नातेवाईक म्हणायला लागले, आमच्या लेकराला त्या सिस्टरचा हात नको. ती दूध पाजायला गेली की बाया काचेवर टकटक करायच्या, ‘दुसरीला पाठवा’ म्हणून. व्हरांड्यात झरीच्या बाजूचीही माणसं होती, म्हणजे गोष्ट गावात पोचायला एक बस पुरे. आपल्याकडं पोरीच्या नावाला हे एकदा चिकटलं की जन्मभर धुतलं जात नाही. नोकरीचं तर सोडाच, उंबऱ्याच्या आत कुणी घेत नाही.

मी म्हटलं, अडाणी माणसं बोलतात ते बोलू दे, तपासणीत काय ते कळेल. आमच्या लॅबच्या मॅडम, जंतूंच्या डॉक्टर, त्यांनी सगळा वॉर्ड तपासायला घेतला. पेट्या, नळ्या, नळ, बेसिन, दाराच्या मुठी, आणि आम्हा सगळ्यांचे हात. कापसाची काडी फिरवायची आणि प्लेटवर जंतू उगवतात का बघायचं. दोन दिवसांनी मॅडमनी मला आत बोलावून घेतलं. सगळ्यांचे हात स्वच्छ होते. माझे भेगाळलेले सुद्धा. जंतू सापडला होता बेसिनच्या जाळीत थोडासा, आणि त्या पोरीच्या दोन्ही हातांवर भरपूर.

मी तो रिपोर्ट हातात घेऊन दोनदा वाचला. मोठे डॉक्टरही तिथंच बसले होते.

मोठे डॉक्टर माणूस वाईट नाहीत, पण घाबरले होते. “सिस्टर,” ते म्हणाले, “लोक आधीच म्हणायलेत, आता तपासणीही तेच म्हणायलीय. बेसिनमधले जंतूही तिच्या हातावरून उतरलेले असणार. तिला उद्यापासून येऊ नको म्हणा.”

“का हो?” मी म्हटलं. “ज्या बाया दिवसातून चारदा हाताला पाणी लावत नाहीत त्यांचे हात स्वच्छ, आणि जी कातडं जाईपर्यंत धुते तिच्या हातावर जंतू? हे गणित तुम्हाला पटतंय? मला तर बिलकुल पटत नाही!”

“पटण्याचा प्रश्न नाही, सिस्टर. पुरावा आहे.”

“मग तिच्या आधी माझा राजीनामा घ्या. पण सांगून ठेवते, माझ्यामागं हा वॉर्ड कोण चालवतं ते मी गेटवर उभी राहून बघेन!”

तेवढ्यात लॅबच्या मॅडम हळूच म्हणाल्या, “सर, एक करून बघू या का? आपल्या तपासणीत फक्त जंतूचं नाव कळतं. लेकरांचा आणि हिच्या हातावरचा, दोन्ही क्लेब्सिएला आहेत. पण नाव एक म्हणजे घर एक असं नसतं. पुण्याला माझी मैत्रीण ज्या लॅबमध्ये आहे तिथं जीनोम सिक्वेन्सिंग होतं. जंतूच्या आतली सगळी पोथी अक्षर अन् अक्षर वाचतात. दोन जंतूंच्या पोथ्या जुळवल्या की कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत आणि कोण परका, ते कळतं.”

“म्हंजे भावकी!” मी म्हटलं.

मॅडम हसल्या. “हो, सिस्टर. भावकीच.”

मला मग झटकन कळलं. आपल्याकडं एका आडनावाची माणसं गावोगाव असतात. आडनाव जुळलं म्हणून कुणी लगेच भाऊबंद होत नाही. सोयरीक जमवताना जुनी माणसं मूळ गाव, कूळ, देवक सगळं खोदून विचारतात, तेव्हा कुठं कळतं की हे आपल्यातले की दुसऱ्यांचे. आमची तपासणी नुसतं आडनाव सांगून थांबली होती, आणि त्या आडनावावर आम्ही एका पोरीचा निकाल लावायला बसलो होतो.

डॉक्टर कबूल झाले, पण एका अटीवर. निकाल येईपर्यंत तिनं एकाही लेकराला हात लावायचा नाही. तिला कपड्यांच्या खोलीत बसवलं. दुपटी मोजायची, घड्या घालायच्या. मी दुपारी जेवायला बोलवायला गेले तर डबा तसाच बंद.

“मॅडम,” ती खाली बघत म्हणाली, “खरंच माझ्यामुळं झालं असंल का? त्या आजी म्हणायल्या तसं?”

“गप बस!” मी ओरडले. “नर्सिंग शिकलीस ना? मग पाय पांढरे आणि काळे कुठल्या धड्यात होते, सांग मला!”

ती हसली नाही. हात पुढं करून बघत बसली. घासून घासून बोटं लालबुंद झालेली. मी तिथंच बसून तिला दोन घास खायला लावले, आणि बाहेर आल्यावर कुणावर तरी उगाच खेकसले.

थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून नमुने पुण्याला गेले. आजारी पडलेल्या लेकरांच्या रक्तातले, पोरीच्या हातांवरचे, बेसिनमधले. आणि मॅडमनी त्यात आणखी एक नमुना घातला. त्यांची एक सवय होती. वाईट जंतू सापडला की त्याचं थोडं बी फ्रीजरमध्ये राखून ठेवायचं. आम्ही त्यांना हसायचो, मॅडम जंतूंचं लोणचं घालतात म्हणून. दसऱ्याला गेलेल्या लेकराचा जंतू त्या फ्रीजरमध्ये होता.

निकाल आला तेव्हा सकाळच्या राउंडची वेळ होती. मॅडमनी आम्हाला लॅबमध्ये बोलावलं. कॉम्प्युटरवर एक झाड काढलेलं होतं, खोड, फांद्या, डहाळ्या. मॅडम बोट ठेवून सांगू लागल्या.

“ही एक फांदी बघा, लांब गेलेली. ह्या एका लेकराचा जंतू वेगळ्या घरातला आहे. आडनाव तेच, पण भावकी दुसरी. हा बाहेरून आला असणार. आणि बाकीची सगळी लेकरं इथं, एका फांदीवर. सख्खे भाऊ म्हणा.” मग त्यांनी बोट जरा सरकवलं. “नव्या सिस्टरच्या हातावरचा जंतूही ह्याच फांदीवर आहे.”

मी पुढं वाकून पुन्हा बघितलं. डॉक्टरांनी उसासा सोडला.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाजच बदलला. “आता हा बघा. ह्याच फांदीच्या बुडाशी. हा दसऱ्याच्या लेकराचा. भावकी हीच, आणि बाकीच्यांपेक्षा जुना. सिस्टर, दसऱ्याला ही पोरगी कुठं होती?”

“झरीत!” मी ओरडलेच. “स्वतःच्या घरी! हिची नोकरी दिवाळीनंतर लागली!”

म्हणजे ही भावकी पोरगी यायच्या आधीपासून आमच्या वॉर्डात नांदत होती. तिनं आणली नव्हती. ती आमच्या घरात आली आणि आमच्या घरातलंच तिच्या हाताला लागलं. जे लेकरू आम्ही वाचवू शकलो नाही, त्यानं जाता जाता तिच्या बाजूनं गवाही दिली होती. मी रडले. फटकळ बाई रडली की लोकांना लय नवल वाटतं, मॅडम तर घाबरून पाणी आणायला धावल्या.

डोळे पुसले आणि मी तडक व्हरांड्यात गेले. “ऐका गं सगळ्याजणी! जंतू ती पोरगी यायच्या आधीचा हाय, जीनोमच्या तपासणीत निघालंय. यापुढं कुणी पांढऱ्या पायाचं नाव काढलं तर माझ्याशी गाठ हाय!” जीनोम म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही. चारठाण्याच्या आजीनं मात्र माझ्याकडं बघितलं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

तरी डॉक्टर म्हणालेच, “पण सिस्टर, तिच्या हातावर आला कुठून, ते कळल्याशिवाय मी तिला लेकरांजवळ कसं पाठवू?” चिडायला तोंड उघडलं होतं, पण बरोबर बोलत होते ते. भावकी सापडली, मूळ गाव सापडायचं होतं.

आणि ते सापडलं माझ्या न्हाणीघरात! रविवारची सकाळ. आमचे मालक आंघोळीला गेलेले. आतून आवाज यायला लागला, खळ खळ खळ. मी विचारलं, काय करायलात? तर म्हणाले, “अगं शाम्पू संपत आलाय. बाटलीत पाणी घालून हलवायलोय. अजून आठवडा निघतोय बघ!”

हे काही नवीन नव्हतं. कोणत्या घरात करत नाहीत? शाम्पू असो, भांड्यांचा साबण असो, बाटली तळाला गेली की पाणी घालायचं, खळखळवायचं आणि शेवटचा थेंब पुरवायचा. टाकून देणं आपल्या हाताला येतच नाही. पण त्या दिवशी तो आवाज ऐकला आणि मी स्कूटीची किल्ली उचलली. कारण हाच आवाज मी वॉर्डात रोज ऐकत होते. बेसिनवरच्या हँडवॉशच्या बाटलीचा.

“कुठं निघालीस? चहा तरी ठेव!” मालक आतून ओरडले.

“तुमीच ठेवा आज!” म्हणत मी स्कूटीला किक मारली.

वॉर्डात जाऊन बाटली हातात घेतली. तळहातावर दाबली तर साबण कसला, ताक! पातळ ताक! कोण भरतं विचारलं तर सगळ्यांनीच माना हलवल्या. स्टोअरमधला कॅन आणायचा कंटाळा आला की जिच्या हाताला रिकामी लागेल ती पाणी घालायची. कॅन आला की त्याच पातळ पाण्यावर नवा साबण ओतायचा. वर्षानुवर्षं. बाटली कुणी कधी धुतली होती? साबणाची बाटली धुवायची असते, हे कुणाच्या डोक्यात येणार? काड्या फिरवताना लॅबनंही नळ तपासला, जाळी तपासली, पण साबणावर संशय घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. त्या कोमट पातळ पाण्यात जंतू सुखानं घर करून बसले होते. जी बाई आळस करून नुसतं सॅनिटायझर चोळायची तिचे हात स्वच्छ, आणि जी बिचारी नियमानं साबण लावायची ती दर वेळेला ओंजळभर जंतू घेऊन लेकराकडं जायची.

बाटली मी तिथंच हात पुसायच्या कापडात गुंडाळून ठेवली, म्हटलं, हिला कुणी हात लावायचा नाही, ही आरोपी हाय! मॅडम रविवार असूनही आल्या. बाटलीतल्या साबणाचा नमुना घेतला, कॅनमधल्याचाही घेतला. कॅन स्वच्छ निघाला. बाटलीच्या प्लेटवर एवढे जंतू उगवले की मॅडमनी ती मला लांबूनच दाखवली. पुण्याहून निकाल आला तेव्हा आता मलाही झाड वाचता येत होतं. दसऱ्याचं लेकरू, ते एक परकं सोडून बाकीची लेकरं, पोरीचे हात, सगळ्यांच्या फांद्या साबणाच्या बाटलीशी येऊन मिळत होत्या. मूळ गाव तेच होतं.

काय आनंद झाला सांगू! आम्ही काही भूत नव्हतं पकडलं, चोर पकडला होता, नावागावासकट. जुन्या बाटल्या सगळ्या टाकून दिल्या. आता साबण बंद पिशवीतच येतो, पिशवी संपली की फेकायची, वरून काही ओतायचं नाही. साबणात पाणी घालताना कुणी दिसलं तर तिला मी सोडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मॅडम आठवड्याला प्लेटा लावायच्या आणि मला येऊन दाखवायच्या. कोऱ्या. पुढच्या आठवड्यालाही कोऱ्या. त्या कोऱ्या प्लेटा बघून जेवढा आनंद झाला तेवढा मला माझ्या पोराच्या मार्कांनीही झाला नव्हता. एकही नवं लेकरू त्या जंतूनं पडलं नाही. डॉक्टर स्वतः कपड्यांच्या खोलीत गेले आणि त्या पोरीला म्हणाले, “सिस्टर, चला. लेकरं वाट बघायलीत.” माफी मागितली म्हणायला हरकत नाही.

होळीच्या आसपास चारठाण्याच्या आजीचा नातू घरी जायला निघाला. गुबगुबीत नव्हे, पण आवाज आजीवर गेलेला. बाहेर जीप उभी होती. आजीनं पोराला सुनेच्या हातात दिलं आणि पिशवीतून एक ताट काढलं. त्यात कुंकू टाकलं, बाटलीतलं पाणी ओतून बोटानं कालवलं, आणि व्हरांड्यातून हाक मारली, “झरीच्या सिस्टर! इकडं ये गं माय.”

पोरगी घाबरत घाबरत बाहेर आली. मी तिच्या मागं उभी राहिले, म्हटलं, आता काही वाकडं बोलली तर बघतेच हिला.

“चप्पल काढ,” आजी म्हणाली. “ह्या ताटात पाय ठेव.”

“आजी, हे कशाला?”

“ठेव म्हणते ना! नवी सून घरात येती तेव्हा ठेवती तसा. माझं तोंड लय वाईट झालं होतं पोरी. हातात लेकरू न्हाई म्हणून डोकं फिरलं होतं. आता माझा नातू तुज्या हातानं भायर येऊ दे. आधी तुजा पाय भायर पडू दे, मंग आमचा. तुज्या पायगुणानं माझ्या घरी जाऊ दे त्याला.”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं ताटात पाय ठेवले. सुनेनं बाळ पुढं केलं, तशी ती एकदम मागं सरली.

“थांबा आजी. आधी हात धुऊन येते.”

आणि गेली की तशीच ओल्या पायांनी, बेसिनकडं! माझ्या लख्ख पुसलेल्या फरशीवर दारापासून बेसिनपर्यंत कुंकवाची पावलं उमटली. ती परत आली, बाळ छातीशी धरून पायऱ्या उतरली, आजी मागून चालत होती आणि सगळा व्हरांडा उभा राहून बघत होता. जीप निघून गेली, तशी झाडणारी मावशी फडकं घेऊन धावली.

“खबरदार!” मी म्हटलं. “आज ही फरशी कुणी पुसायची न्हाई!”